दादाचं दुखणं आणि तुझे आठ लाख

चि. बाळू,


साठवलेले आठ लाख मित्राच्या वर्कशॉपमध्ये घालू की इंडेक्स फंडात, असं विचारतोस. दोन्हीकडच्या नफ्यातोट्याचा हिशेब तू चोख मांडला आहेस. पण त्या कागदावर दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, पार्किन्सन कुठेच नाही. ‘औषधपाणी बाबांच्या पेन्शनमधून भागतं, तो विषय वेगळा’, असं लिहितोस. मला तो वेगळा वाटत नाही.

खर्च भागतो रे. पण आणखी दोन वर्षांनी दादा आपल्या हाताने घास घेईल का, हे कोण सांगणार? हा आजार कुणाचा सावकाश वाढतो, कुणाचा भराभर. तो घोर रुपयांत मोजता येत नाही, तरी रुपयांचे निर्णय घेताना तो मनात असतोच.

माझंच सांगते. कोरोनाच्या दिवसांत, 23 मार्च 2020 ला, निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. त्याच आठवड्यात मी माझे फंड विकले. पेन्शन चालू होतं, पैशांची नड नव्हती. पण घरात तुझे आजोबा होते, 84 वर्षांचे, दम्याचे. त्यांचा खोकला ऐकत रात्र काढायची आणि सकाळी बाजार बघायचा. एरवी सोसली असती ती घसरण तेव्हा सोसवली नाही. वर्ष सरायच्या आत बाजार पहिल्यापेक्षा वर गेला होता.

हे मनाचं दुबळेपण नव्हे. गोलिए आणि प्रॅट या अभ्यासकांनी 1996 साली याचं गणित मांडलं आहे. टाळता न येणारी एक जोखीम डोक्यावर असली, की सर्वसाधारणपणे सावध माणूस तिच्याशी संबंध नसलेली दुसरी जोखीमही हात राखूनच घेतो. त्यांनी विचार केला तो पैशातल्या जोखमीचा. तब्येतीचं कोडं याहून अवघड आहे, कारण आजारपणात रुपयाचं मोल वाढतं की घटतं, हेच आधी ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या उतारवयातल्या लोकांवरचा 2013 चा एक अभ्यास म्हणतो, जुनाट दुखणी वाढली की पैसा खर्च करण्यातलं सुख कमी होतं. पटण्यासारखं आहे. दादाला चालवेनासं झालं, तर चारधामसाठी ठेवलेले पैसे कशाला? पण रात्रंदिवस माणूस ठेवायची वेळ आली, तर तोच रुपया लाखमोलाचा. वहिनीचे गुडघे बघता आपल्या घरी हीच वेळ येईल, असं मला वाटतं.

वर्कशॉपमध्ये अडकलेला पैसा हव्या त्या दिवशी निघत नाही. फंड पडला तरी चार दिवसांत हातात येतो. शिवाय मित्राचा धंदा तुझ्या रात्री मागेल, आणि त्या रात्री कदाचित दादालाही हव्या असतील. दोन्ही संकटं एकाच महिन्यात आली, तर तू कुठे धावशील? म्हणून माझं मत असं: माणूस ठेवायला वर्षभर पुरतील एवढे पैसे बँकेत मुदत ठेवीत टाक, उरलेले फंडात. मित्राला आत्ता नाही म्हण, आणि कारणही खरं सांग.

पुढच्या आठवड्यात दादाला डॉक्टरांकडे न्यायचं आहे ना? मी येते. परत येताना त्यालाच विचारू, त्याला हे पैसे कशासाठी लागतील असं वाटतं. त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही.

तुझी,
आत्या