उसवता येईल एवढंच

वाई,
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनूस,


तुझ्या नव्या घराचे फोटो पोचले. मामीने चष्मा लावून सगळे तीन-तीनदा पाहिले आणि ओट्याची उंची तिला पसंत पडली, हे आधी कळवतो. फोटोंखाली तू पाठवलेली यादी मात्र मी अजून खिशात घेऊन फिरतोय. वाड्यातली शिसवी पेटी, माजघरातला झोपाळा, घंगाळ, लामणदिवा, जातं आणि आजोबांची आरामखुर्ची. हे सगळं दर रविवारी थोडं थोडं, स्वतःच्या हाताने नीट करून हॉलमध्ये मांडायचं म्हणतेस. मी नाही म्हणायला बसलेलो नाही. वस्तू माझ्या जेवढ्या, तेवढ्याच तुझ्या आईच्या. पण तीस वर्षं शाळेत पोरांच्या हातात पटाशी दिली म्हणून म्हण, किंवा मी स्वतः वाया घालवलेल्या वस्तू अजून माळ्यावर पडल्या आहेत म्हणून म्हण, थोडं ऐकून घेतल्याशिवाय पेटीची किल्ली मिळणार नाही.

आरामखुर्चीपासून सुरू करतो, कारण तिचा गुन्हेगार मीच आहे. तुला ती कायम भिंतीला टेकवलेलीच आठवत असेल. तिचा मागचा पाय हलायला लागला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि घरात कर्तबगारी दाखवायची हौस होती. सुतार गुरुवारी येतो म्हणाला होता. मला तेवढा दम कुठला! दोन नळ्यांतला एकत्र कालवायचा, वाळल्यावर दगड होणारा गोंद आणला, सांध्यात ओतला, वरून तीन इंची दोन खिळे ठोकले. पाय हलायचा थांबला. आजोबा खूश, मी त्याहून खूश. दोन वर्षांनी पाय मोडला, तो सांध्यात नाही, सांध्याच्या शेजारी, चांगल्या धडधाकट सागवानात. सांधा जरासुद्धा हलत नाही म्हटल्यावर सगळा ताण लाकडाने घेतला आणि खिळ्याच्या भोकाशी ते फाटलं.

सुताराने ती उलटी करून बोटाने दाखवलं. दुसऱ्या पायाच्या सांध्यात तपकिरी, काचेसारखी चकाकणारी रेघ होती. तो सरस. जनावराचं कातडं-हाडं शिजवून करतात तो. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं, थोडी वाफ दिली, की सरस मऊ पडतो आणि सांधा जसा बसवला तसा सुटतो. खरवडायचा, नवा सरस लावायचा, पुन्हा बसवायचा. ज्याने ती खुर्ची केली त्याने पुढच्या सुताराला आत शिरायला दार ठेवलं होतं. मी ते लिंपून टाकलं. सुतार काही बोलला नाही, नुसतं ‘च्च’ केलं. ते ‘च्च’ मला अजून ऐकू येतं.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. जुन्या वस्तूवर आपण जे करू ते पुढच्या माणसाला उसवता आलं पाहिजे. मामी गोधडी शिवते ती बघ. धावदोरा ओढला की वरचं लुगडं निघतं, विरलेलं काढून दुसरं घालता येतं, आतले थर तसेच राहतात. तुझ्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला मी हेच लावून बघतोय.

आता पेटी. तिच्यावरचा हिरवा ऑइलपेंट तुझ्या थोरल्या मामांची करणी. लग्नाचं घर सजवताना उरलेला डबा त्यांनी पेटीवर संपवला. खाली शिसव आहे, काळसर, जांभळट रेषांची. तू ‘घासून काढते’ म्हणतेस, तर आधी हे वाच. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा डबा म्हणजे भरवसा नाही. कोरडा पॉलिशपेपर मारलास की ती धूळ घरभर बसणार, आणि तुझं पिल्लू अजून जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. तेव्हा घासायचं नाही, आणि हीटगनने जाळायचंही नाही. पेंट रिमूव्हर आण, हातमोजे घाल, फ्लॅटमध्ये नको, इथे आपल्या अंगणात ये. रंग फुगला की ओल्यानेच पत्र्याने ओरबाडायचा, निघालेलं सगळं कागदात गोळा करायचं. पिल्लू तेवढा वेळ मामीकडे.

रंग निघाला की खाली जुनं पॉलिश लागेल. ते कशाचं आहे ते आधी पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटचा बोळा दोन मिनिटं धर. चिकट झालं तर लाख. लाखेचं पॉलिश सगळ्यात गुणी. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा, गाळायचा, आणि सुती कापडाच्या पुरचुंडीने पातळ पातळ हात मारत जायचं. एका बैठकीत दहा हात झाले तरी घाई झाली असं समज. पुढे चरा पडला, कप ठेवून पांढरं कडं उमटलं, तरी स्पिरिटने तेवढंच मऊ करून वरून नवा हात देता येतो. दुकानदार तुला मेलामाइन किंवा पीयू घे म्हणेल. टिकाऊ असतं, खोटं नाही. नव्या डायनिंग टेबलाला खुशाल लाव. पेटीला नको, ते पुन्हा काढायचं म्हणजे लाकूडच खरवडायला लागतं.

आणि हे काम दसऱ्यानंतर. या हवेत लाखेचा हात मारलास तर वाळता वाळता ओल धरून पांढरट धुकं चढतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. आत्ता झाकण अडकतंय म्हणून रंधा मारशील आणि मार्गशीर्षात फटीतून बोट जाईल.

लाख नको वाटली तर नुसतं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, चोळलंस तरी शिसव सुंदर दिसते. पण तेलाचा बोळा झाला की कोपऱ्यात टाकू नकोस. मी एकदा तसे चार-पाच बोळे गोळा करून माजघरात खोक्यात टाकले आणि जेवायला बसलो. हे तेल वाळताना तापतं, आणि बोळा गच्च असला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. आमटी वाढेपर्यंत धुराचा वास. काडी नाही, निखारा नाही, खोकं आपसूक धुमसत होतं. मामी हा किस्सा जावयांना सांगणारच आहे, म्हणून मीच आधी सांगितला. बोळे एकेक सुटे पसरून बाहेर वाळवायचे, नाहीतर पाण्यात बुडवून टाकायचे.

झोपाळ्याचं मन आवरावं लागेल. वाड्यात तो सागवानी तुळईला टांगलेला आहे आणि त्या तुळईने तुम्हा पाच भावंडांनी एकदम उभं राहून झोके घेतलेले सोसले. तुझा स्लॅब चार-पाच इंचांचा. आत सळ्या कुठे, वायरींच्या नळ्या कुठे, वरून दिसत नाही. झोका घेताना कड्यांवर येणारा ताण नुसत्या बसलेल्या वजनापेक्षा बराच जास्त असतो आणि तो सारखा मागे-पुढे होतो. इमारतीच्या इंजिनिअरने नकाशा पाहून जागा दाखवली तरच छताला हात लाव, ड्रिलवाल्या पोऱ्याच्या ‘काय नाय होत ताई’ वर नाही. मी असतो तर लोखंडी चौकट करून घेतली असती आणि तिला आपल्याच पितळी कड्या लावून पाट टांगला असता. घर बदललं तर उचलून न्यायला मोकळं.

भिंतींचंही तसंच. तुझ्या भिंती त्या राखाडी, हलक्या ब्लॉकच्या दिसतात. साधी गिट्टी ठोकून जड फळी टांगलीस तर महिन्याभरात भोक भुसभुशीत होईल. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते माग. वाड्यात दोन-अडीच हातांच्या भिंतीत कोनाडा, फडताळ, खुंटी सगळं मावायचं. फ्लॅटच्या भिंतीकडून ती अपेक्षा करू नये.

घंगाळ घेऊन जा. पाणी भर, फुलं सोड, काय हवं ते कर, फक्त झाड लावायला बुडाला भोक पाडू नकोस. लामणदिव्याचंही तेच. बल्ब लावायचाय तर वायर साखळीवरून खाली आण, दिव्याला छिद्र नको. चकचकीत करायच्या भरात पितळ चिंचेच्या कोळात रात्रभर भिजत घालशील, तर सकाळी गुलाबी झालेलं दिसेल. आंबट पितळातलं जस्त खातं आणि तांबं वर येतं. चोळायचं, लगेच धुवायचं, पुसायचं. तो वरचा जुना सावळेपणा मला तर आवडतो. मामीला आवडत नाही, आमचं या विषयावर चाळीस वर्षं एकमत झालेलं नाही. पितळेच्या भांड्यात आंबट काही शिजवणार असलीस तर मात्र आधी कल्हई. पुण्यात तांबट आळीत जाऊन विचार. मठाराचं काम बघायला म्हणूनही जा, तांब्यावर हातोडीचा एकेक ठोका कसा शेजारी शेजारी बसतो ते उभं राहून बघण्यासारखं असतं.

जात्याची वरची तळी टीपॉय करायचा विचार सोडून दे. घरातल्या लग्नांत त्यावर हळकुंडं दळली, तुझ्याही. न्यायचंच तर खुंट्यासकट, दोन्ही तळ्या ने. टाकी लावणारा आमच्याकडे वर्षातून एकदा येतो, त्याच्याकडून टाकवून देतो. मेतकूट तरी दळत जा. ते जमणार नसेल तर इथेच राहू दे, इथे अजून दळतात.

आता तो ग्रामोफोन. नऊ हजारांना घेतलास आणि विकणारा म्हणाला १९१० चा, इंग्रज साहेबाच्या बंगल्यातला. त्याच्या पेटीच्या मागच्या बाजूचा जो फोटो तू हौसेने पाठवलास त्यात चारही स्क्रू फुलीचे आहेत. फुलीच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्सला मिळालं १९३६ साली. साहेबाने पुढची सव्वीस वर्षं थांबून स्क्रू बसवले असतील तर गोष्ट वेगळी! कर्णाही नवा, पातळ पत्र्याचा. तबकडी वाजते ना? मग वाजव, मजा कर, पण पाहुण्यांना १९१० सांगू नकोस. पुढच्या वेळी काही घेताना ते आधी उलटं करून बघायचं. पुढची बाजू विकण्यासाठी असते, मागची बाजू खरं बोलते. खणाच्या आतली पाठ, बिजागरीखालचा रंग, खालच्या फळीवर कुठे हात लागून गुळगुळीत झालंय आणि कुठे मुद्दाम घासलंय ते. दीडशे वर्षांच्या कपाटाची पाठ प्लायची निघाली तर नमस्कार करून निघावं.

डोळा तयार व्हायला हवा असेल तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जाण्याआधी बाजीराव रस्त्यावरचं राजा केळकर संग्रहालय दोनदा बघ. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या नावाने तो संग्रह उभा केला आणि १९७५ साली सरकारच्या हवाली केला. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा अडकित्ते, दिवे, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी यांच्यापाशी जास्त थांब. वापरून झिजणं कसं दिसतं ते तिथे कळतं. मुंबईत चोरबाजाराला गेलात तर शुक्रवार टाळा. मटण स्ट्रीटवरची दुकानं त्या दिवशी बंद असतात, रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. जुन्या मूर्ती विकत घ्यायच्या नाहीत, कितीही स्वस्त असोत, कितीही देखण्या असोत. कुठल्या देवळातून उचलून आणली असेल सांगता येत नाही. आणि तुझ्या नणंदेला न्यू जर्सीला आपली मोठी समई पाठवायची म्हणत होतीस. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. समई पणजीच्या लग्नातली आहे, हिशेब कर. तिला तांबट आळीतून नवी घेऊन दे, बिल जपून ठेव.

आरामखुर्ची मी देतोय. मोडका पाय नव्याने करून घेतलाय, या वेळी सरसाने. वेत तू विणून घे किंवा स्वतः विण, ते शिकण्यासारखं आहे आणि चुकलं तर उसवतं.

टेम्पो दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरव. त्याआधी तुझ्या सोसायटीच्या लिफ्टचं माप घेऊन कळव, आतलं आणि दाराचं दोन्ही. पेटी साडेतीन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद आहे, आणि चार माणसांशिवाय उचलत नाही. लिफ्टमध्ये बसली नाही तर जिन्याच्या वळणाचंही माप लागेल.

जावईबापूंना आशीर्वाद, पिल्लाला गोड पापा.

तुझा,
मामा

ता. क. मामी म्हणते, येताना तुझ्या आईची विरलेली दोन सुती लुगडी घेऊन ये. पिल्लाची गोधडी निम्म्यावर अडली आहे.