सीनायची पहाट आणि आपले कुटुंब

वाचन : निर्गम ३४:१-८, उत्पत्ती ३३:१२-१४, १ राजे १९:८-१३



परमेश्वराने मोशेला दगडाच्या दोन नव्या पाट्या घेऊन सीनाय पर्वतावर बोलावले, ते सकाळच्या वेळी. मोशे पहाटे उठला आणि एकटाच वर गेला. इतरांना डोंगरावर कोठेही दिसण्याची मनाई होती. आज मात्र त्या पर्वतावर आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर मिळून चढते. या चढणीतून आपण काय शिकावे, ते पाहू या.

डोंगराची ओळख

इजिप्तच्या सीनाय वाळवंटात ‘जबल मुसा’ म्हणजे मोशेचा डोंगर आहे. प्राचीन ख्रिस्ती परंपरा यालाच सीनाय पर्वत मानते. त्याची उंची २,२८५ मीटर आहे. पायथ्याशी सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला संत कॅथरीनचा मठ आहे. २६ फेब्रुवारी २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल या मठात यात्रेकरू म्हणून आले होते.

सारा डोंगर ग्रॅनाइटचा. दिवसा कडक ऊन, रात्री थंडी. त्यामुळे खडकाला भेगा पडतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात आणि गोल शिळा एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात. रात्री काळेभोर दिसणारे हे खडक सूर्य उगवताच गुलाबी, मग तांबूस होतात. हे पाहण्यासाठी लोक मध्यरात्रीनंतरच निघतात. सोबत बेदुईन वाटाड्या, हातात बॅटरी, पाणी आणि गरम कपडे हवेतच; हिवाळ्यात माथ्यावर तापमान शून्याखाली जाते.

दोन वाटा

एक वाट पायऱ्यांची. सुमारे ३,७५० दगडी पायऱ्यांच्या या वाटेला ‘पश्चात्तापाच्या पायऱ्या’ म्हणतात. दुसरी उंटांची वाट; ती वळणावळणाची, लांब पण सोपी. ज्याला चालवत नाही तो उंटावर बसतो. मात्र शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्या सर्वांना पायीच चढाव्या लागतात.

येथेच कुटुंबाची परीक्षा होते. तरुण मुलांना सूर्योदय गाठायचा असतो. आजीचे गुडघे दुखतात, धाकट्याला झोप येते. पुढे जावे की थांबावे?

याकोबापुढेही असाच प्रश्न होता. एसाव त्याला बरोबर चलण्याचा आग्रह करीत होता. याकोब म्हणाला, मुले नाजूक आहेत, कळपात पाजत्या गाई-मेंढ्या आहेत; त्यांना झेपेल तसा मी हळूहळू येईन. घरातील अशक्त माणसाकडे पाहून त्याने आपली चाल ठरवली.

जो खाली थांबतो

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या शेवटच्या पायऱ्यांच्या खाली डोंगराच्या कुशीत एक सपाट जागा आहे. तिला एलियाचे नाव आहे. वारा, भूकंप आणि अग्नी यांत नव्हे, तर मंद वाणीतून परमेश्वर एलिया संदेष्ट्याला भेटला तो येथेच, अशी परंपरा आहे. म्हणजे ज्या आजीला माथा गाठता आला नाही आणि जी येथेच विसावली, ती परमेश्वराच्या भेटीला मुकली असे कोण म्हणेल? मात्र तिच्याजवळ कोणीतरी थांबले पाहिजे.

आपल्या घरीही असेच घडते. आपण मिस्साला वेळेवर पोहोचतो, पण अंथरुणाला खिळलेले आजोबा घरी एकटे असतात. संध्याकाळची रोझरी आपण भरभर उरकतो. आजीची प्रार्थना मागे राहते आणि लहानग्याला तर शब्दही नीट लागत नाहीत. त्यांच्यासाठी चाल हळू केली तर थोडा उशीर होईल, क्वचित एखादा सूर्योदय हुकेलही. पण घर एकत्र राहील.

चिंतनासाठी प्रश्न

१. आमच्या घरात सर्वात मागे कोण पडते? त्याच्यासाठी आम्ही थांबतो का?
२. शेजारी कोणी आजारी किंवा वृद्ध असेल, तर त्याच्याजवळ बसायला आमच्यापैकी कोण जाईल?

या आठवड्याचा संकल्प

एका संध्याकाळी घरातील सर्वात वृद्ध व्यक्तीला प्रार्थना सांगायला लावू या आणि तिच्याच गतीने सर्वांनी म्हणू या.