एकच लेख, अनेक दुभाषे

अंगणांत रांगोळीचा छापा ठेवून त्यावर रंग पसरला म्हणजे जेथें छिद्र असतें तेथेंच रंग पडतो, बाकीची जमीन कोरी राहते. संगणकावर पृष्ठ तयार करतांनाही हीच युक्ति योजितात. शाळेचें वाटोळें बोधचिन्ह रंगीत मुखपृष्ठावर छापावयाचें असेल, तर त्याच्या चौकोनी चित्रासोबत असाच एक छापा देतात. त्यास ‘मास्क’ म्हणतात. पीडीएफमध्यें मास्कच्या ज्या बिंदूवर ० असेल तेथें चित्र उमटतें, आणि १ असेल तेथें खालचा रंग कायम राहतो.

परंतु अशी फाईल म्हणजे तयार चित्र नव्हे; ती आज्ञांची यादी होय. १९८४ सालीं ॲडोबी कंपनीनें पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा प्रसिद्ध केली; १९९३ सालीं त्याच कुळांतील पीडीएफ आलें. या आज्ञा वाचून कागदावर अथवा पडद्यावर ठिपके मांडणारा प्रोग्रॅम हा त्या भाषेचा दुभाषा. १९८८ सालीं निघालेला घोस्टस्क्रिप्ट हा त्यांपैकींच एक.

मग एकाच फाईलीचीं भिन्न रूपें कां दिसतात? त्याचीं कारणें तीन.

पहिलें कारण दुभाष्याचें वय. चित्रासोबत मास्क देण्याची आज्ञा पोस्टस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तींत, १९९७ सालीं, आली. त्यापूर्वींच्या दुभाष्यास ती उमगत नाहीं.

दुसरें कारण नियमांनीं दिलेली मोकळीक. चित्र व मास्क यांची बिंदुसंख्या सारखीच असावी असा नियम नाहीं. दोन्ही एकाच चौकोनांत बसवितात. शिवाय मोठें केलेलें चित्र गुळगुळीत कसें करावें, हें दुभाष्यावर सोपविलें आहे. त्यामुळें बोधचिन्हाचा कांठ एकाकडे पायऱ्यापायऱ्यांचा, तर दुसऱ्याकडे मऊ दिसतो. क्वचित् भोंवतीं पांढुरकी रेघही उमटते.

तिसरें कारण रंगावरून केलेला मास्क. ‘पांढरा तेवढा वगळा’ अशीही आज्ञा देतां येते. पण जेपेग रीतीनें चित्र आटोपशीर केल्यास २५५ चा शुद्ध पांढरा कोठें २५४, कोठें २५३ होतो. ते बिंदु वगळले न जातां डागांसारखे उरतात.

हजार प्रती छापून झाल्यावर हा दोष ध्यानांत आला, तर कागद व पैसा दोन्ही वायां जातात. म्हणून मास्क चित्राच्याच बिंदुसंख्येचा द्यावा, रंगावर विसंबूं नये, आणि ज्या यंत्रावर छपाई व्हावयाची त्यावरच आधीं एक नमुना काढून पाहावा.

लिहिणारा जें मोघम ठेवितो, तें वाचणारा आपल्या मतीनें भरून काढतो. उत्तरपत्रिका लिहितांनाही हें स्मरणांत असूं द्यावें.