पाचांची मोहीम आणि पाचांची फजिती

खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तो खेळ संगणकावरचा असला आणि त्यात तलवारी, मंत्रतंत्र व राक्षस असले, म्हणजे तर ही समजूत अधिकच पक्की होते. योहान हौझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृतीचे मूळ क्रीडेत शोधले, हे खरे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांपुढे हौझिंगाचा आधार फारसा चालत नाही. प्रस्तुत लेखात अशा खेळाची वकिली करण्याचा हेतू नाही. गेली काही वर्षे आम्ही पाच मित्रमंडळी मिळून असा एक खेळ खेळत आहोत. त्यात विजय थोडे मिळाले आणि फजित्या पुष्कळ झाल्या. या फजित्यांचे वर्गीकरण करू लागलो असता एक गोष्ट ध्यानात आली. त्यांपैकी फारच थोड्या राक्षसांमुळे घडल्या होत्या. बहुतेक सर्व आम्हां पाचजणांच्या आपसांतील व्यवहारातून घडल्या होत्या. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. फासे, कागद, पेन्सिल आणि कल्पनाशक्ती एवढ्या भांडवलावर चारसहाजणांनी टेबलाभोवती बसावे, एकाने योद्धा व्हावे, दुसऱ्याने मांत्रिक व्हावे आणि मिळून एखादे भुयार धुंडाळावे, असे त्याचे स्वरूप. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा खेळ संगणकावर उभा केला. त्यात चित्रे नव्हती. सारे शब्दांनीच वर्णिलेले होते. परंतु अनेक माणसे एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरू शकत, हे त्याचे वैशिष्ट्य होते. पुढे २००४ साली ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ आणला. त्याचे जुने रूप ‘क्लासिक’ या नावाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा खुले झाले. आम्ही खेळतो तो हाच.

या खेळातील भुयारांत पाचांच्या टोळीने जावयाचे असते. आमच्या टोळीत एक योद्धा, एक धनुर्धर, एक छुपा मारेकरी, एक वैद्य आणि एक मांत्रिक आहे. वैद्य ही आमची मैत्रीण, मांत्रिक मी. पाचहीजण पाच ठिकाणी आपापल्या घरी वा वसतिगृहात बसलेले असतात आणि कानाला लावलेल्या हेडफोनवरून एकमेकांशी बोलत असतात. कोणीही एकटा पुरेसा नसतो, ही या खेळाची मूळ अट आहे. योद्ध्याने मार खावयाचा, वैद्याने तो भरून काढावयाचा आणि उरलेल्या तिघांनी शत्रूला मारावयाचे, अशी ही श्रमविभागणी आहे.

२. अदृश्य यादी

शत्रूने कोणावर धावून जावे, हे नशिबावर सोडलेले नसते. प्रत्येक शत्रूपाशी एक अदृश्य यादी असते. ज्याने जितका उपद्रव दिला, तितका त्याचा क्रमांक वर. योद्ध्याला डिवचण्याची खास विद्या दिलेली असल्यामुळे यादीत पहिला राहणे हे त्याचे कर्तव्य ठरते. एवढ्यापर्यंत सर्व न्याय्य वाटते. परंतु मित्राच्या जखमा भरून काढणे हाही शत्रूच्या दृष्टीने उपद्रवच असतो! केलेल्या उपचाराच्या साधारण निम्म्या मापाने वैद्याच्या नावावर राग जमा होतो, आणि तोही त्या वेळी लढत असलेल्या सर्व शत्रूंमध्ये वाटला जातो. म्हणजे योद्ध्याने एखाद्या शत्रूला अद्याप हात लावलेला नसेल, तर तो शत्रू सरळ वैद्याकडे धावतो. जी दुसऱ्याला वाचवीत असते, तिच्यावरच प्रथम घाला येतो. व्यवहारातही भांडणात मध्यस्थी करणाऱ्याची अशीच गत होते, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

३. फजितीचे प्रकार

पहिला प्रकार अज्ञानातून किंवा घाईतून घडणाऱ्या फजितीचा. मांत्रिकाला शत्रूचा मेंढा करण्याची विद्या असते. चार शत्रू समोर आले की एकाचा मेंढा करून ठेवावा आणि तिघांशी लढावे, हा शहाणपणाचा मार्ग. मात्र त्या मेंढ्याला एक फटका जरी बसला, तरी तो तत्क्षणी पूर्ववत होतो. शिवाय मेंढा असेपर्यंत त्याच्या जखमाही झपाट्याने भरून येत असतात. आमच्या मारेकऱ्याला मेंढा दिसला की राहवत नाही. ‘‘अरे, त्याला हात लावू नकोस!’’ हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही.

दुसरा प्रकार घरगुती. योद्धा भुयाराच्या मध्यावर सर्वांच्या पुढे उभा असताना त्याच्या आईने त्याला गिरणी बंद व्हायच्या आत दळण आणावयास पाठविले. तो कानाचे यंत्र काढून तसाच गेला. पडद्यावर त्याची आकृती ढाल घेऊन निश्चल उभी. तेवढ्यात मागून गस्तीची माणसे आली. दहा मिनिटांनी तो परतला, तेव्हा आम्ही चौघेही पडलो होतो आणि सर्वांत शेवटी तोही उभ्याउभ्याच पडला होता. वीज जाणे, नेट अडखळणे, वसतिगृहाच्या खोलीतील सोबत्याला दिवा मालवावयाचा असणे, हे याच वर्गातील उपप्रकार.

तिसरा प्रकार हेतूंच्या भिन्नतेतून उद्भवणारा. वर उल्लेखिलेल्या बार्टल यांनी १९९६ साली एका निबंधात खेळाडूंचे चार वर्ग सांगितले : काहींना यश हवे असते, काहींना नव्या जागा धुंडाळावयाच्या असतात, काहींना माणसांशी गप्पा हव्या असतात आणि काहींना इतरांवर मात करण्यात रस असतो. आमच्या टोळीत योद्धा यशाचा भुकेला. धनुर्धर कोनाकोपरा पाहणारा. आणि वैद्य मैत्रीण दिवसभरात कोणाचे काय झाले हे ऐकण्यासाठी येणारी. म्हणजे एकाच भुयारात एकाच वेळी तीन वेगवेगळ्या मोहिमा चालू असतात. योद्धा पुढे धावतो, धनुर्धर मागे राहतो आणि मधल्या मध्ये वैद्याला कोणाची सोबत करावी हे कळत नाही.

२००५ साली याच खेळातील एका प्रसंगाची चित्रफीत जगभर गाजली. टोळी बारकाईने बेत आखीत असते आणि लीरॉय जेन्किन्स या नावाचा गडी मध्येच आपले नाव गर्जत आत घुसून सर्वांचा सत्यानाश करतो. तो प्रसंग मुद्दाम बसविलेला होता, हे पुढे उघड झाले. तरीही खेळणाऱ्या प्रत्येकाला तो खरा वाटला, कारण प्रत्येक टोळीत असा एकजण असतोच.

४. गरज आणि लोभ

मृत्यूची शिक्षा या खेळात फार कडक नाही. मेलेल्याचा आत्मा जवळच्या स्मशानात प्रकटतो. त्याने धावत आपल्या देहापाशी यावे आणि पुन्हा उठावे. अंगावरील सामग्रीची दहा टक्के झीज होते, एवढेच. खरी परीक्षा पराभवात नसून विजयानंतरच्या वाटणीत असते.

‘डेडमाइन्स’ नावाचे एक भुयार आहे. त्यातील टोळीचा नायक व्हॅनक्लीफ हा मूळचा पाथरवट. उद्ध्वस्त राजधानी पुन्हा बांधून देऊनही मजुरी न मिळाल्यामुळे बंडखोर झालेल्या कारागिरांचा तो पुढारी, अशी कथा आहे. बुडविलेल्या मजुरीतून जन्मलेल्या या शत्रूला मारल्यावर आमच्यातही वाटणीवरूनच भांडण व्हावे, हा योगायोग मोठा बोलका होता.

व्हॅनक्लीफजवळ एक उत्तम तलवार निघाली. अशा वेळी पडद्यावर प्रत्येकाला दोन पर्याय दिसतात : ‘गरज’ आणि ‘लोभ’. गरज म्हणणाऱ्यांमध्ये एक ते शंभर या आकड्यांचा फासा पडतो आणि मोठा आकडा येईल त्याला वस्तू मिळते. योद्ध्याने गरज म्हटले, मारेकऱ्यानेही म्हटले. त्यांच्यापाठोपाठ धनुर्धराने गरज म्हटले, आणि शहाण्णव आकडा पडून तलवार त्यालाच मिळाली! धनुर्धर लढतो धनुष्याने. त्याचे म्हणणे असे, की शत्रू अगदी अंगाशी आला तर तलवार हवीच. नियमाप्रमाणे त्याचे काही चुकले नव्हते. ती तलवार घेणाऱ्याच्या नावाला कायमची जडते. ती दुसऱ्याला देताही येत नाही. नियमाने ‘गरज’ हा शब्द दिला, परंतु गरज कशाला म्हणावे हे ठरविण्याचे काम आमच्यावरच सोडले. ते काम आम्ही आधी केले नव्हते, म्हणून नंतर भांडत बसलो.

५. दोष कोणाचा?

या सर्व फजित्यांत एक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एका रात्री एका चढणीच्या वाटेवर आम्ही सर्वजण एकामागून एक पडलो. प्रथम पडली वैद्य मैत्रीण. तिच्यामागून, उपचार न मिळाल्यामुळे, योद्धा. साहजिकच सगळा रोष तिच्यावर आला. ‘‘तुझं लक्षच नव्हतं,’’ असे योद्धा म्हणाला. तिने प्रत्युत्तर दिले नाही. ती टोळीतून निघून गेली आणि पुढे तीन आठवडे आलीच नाही.

विधी शाखेत शिकणाऱ्या मारेकऱ्याने तेव्हा एक सूचना केली. या खेळात प्रत्येक घावाची व उपचाराची क्रमवार नोंद होत असते. निवाडा करावयाचा तर आधी ती वाचावी. आम्ही ती वाचली. घडले होते ते असे : वाट जवळ करण्यासाठी धनुर्धराने कठड्यावरून खाली उडी मारली होती. त्याचा पाळीव लांडगा उडी न मारता लांबच्या वाटेने धावत आला आणि येताना वाटेवरील शत्रूंना मागे लावून घेऊन आला. त्याच क्षणी वैद्याने योद्ध्यावर उपचार केला होता. योद्ध्याने ज्यांना अद्याप पाहिलेही नव्हते, ते सारे शत्रू त्या एका उपचारामुळे तिच्यावर तुटून पडले. म्हणजे ती पडली ती दुर्लक्षामुळे नव्हे, तर आपले काम चोख केल्यामुळे!

यावरून एक नियम हाती लागतो. परस्परावलंबी कामात जो प्रथम कोसळतो, तोच दोषी दिसतो. परंतु कारण बहुधा दोन पावले मागे आणि दुसऱ्याच कोणाच्या हातून घडलेले असते. नाटकाच्या तालमीत, सहलीच्या हिशेबात किंवा एकत्र कुटुंबातही हेच आढळून येईल. फरक इतकाच, की तेथे अशी नोंदवही नसते.

नोंदवहीने दोष कोणाचा ते सांगितले, पण मैत्रीण तिने परत आणली नाही. त्यासाठी योद्ध्याला तिच्या घरी जावे लागले. दोघांत काय बोलणे झाले ते आम्हांला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी ती आली, एवढे खरे. त्यानंतर आम्ही तीन संकेत ठरविले : आत शिरण्यापूर्वी ‘गरज’ कोणाची ते बोलून घ्यावयाचे, कोणालाही घरातून हाक आली तर सर्वांनी थांबावयाचे, आणि पराभवानंतर घटनांचा क्रम सांगून होईपर्यंत कोणी कोणाचे नाव घ्यावयाचे नाही.

६. मोठ्या पटावर

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर एकदा घडून गेली आहे. २००५ च्या सप्टेंबरमध्ये याच खेळात हक्कार नावाच्या दैत्याचा एक संसर्गजन्य शाप भुयाराबाहेर निसटला. धनुर्धरांच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोहोचला आणि दुबळी पात्रे पटापट मरू लागली. काही वैद्य आपण होऊन मदतीला धावले, काहीजण रानावनांत पळाले आणि काहींनी हौसेने रोग पसरविला. अखेर कंपनीला ती जगे पूर्वस्थितीवर आणावी लागली. एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ साली ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात या घटनेचा अभ्यास मांडला. साथीत माणसे कशी वागतील याचे अनुमान करण्यास अशी कल्पित जगे उपयोगी पडू शकतात, असा त्यांचा मुद्दा होता. २०२० नंतर त्याची आठवण अनेकांना झाली, यात नवल नाही.

सारांश, या खेळातील राक्षस खोटे असले तरी त्यांच्यासमोर उभी राहणारी माणसे खरी असतात. त्यांचा उतावीळपणा खरा, त्यांचा लोभ खरा, आणि दुखावले जाणेही खरेच. म्हणून अशा खेळात वेळ किती गेला, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. फजिती झाल्यावर ती टोळी एकमेकांशी कशी बोलली, हेही विचारले पाहिजे. आमच्या पाचांची तलवारीची हौस एक दिवस फिटेल. परंतु नाव घेण्यापूर्वी क्रम विचारण्याची सवय लागली असेल, तर ती पुढेही उपयोगी पडेल, असे मला वाटते.