खाट उचलणारे चौघे
(मननासाठी : मार्क २:१-१२)



कफर्णहूमच्या घरात पक्षाघाती मनुष्य एक शब्दही बोलत नाही. चौघे त्याची खाट उचलतात, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उघडतात. प्रभू येशू त्यांचा विश्वास पाहतो.

आपल्या सोनपेठमध्येही अशा खाटा आहेत. कुठे दारूत बुडालेला मुलगा, कुठे अबोल झालेली सून. घरचे लाजेने दार लावून घेतात, कारण 'बेवडा', 'वेडी' हे शब्द आपणच उच्चारतो. वाट अडवणारी गर्दी आपणच असतो.

व्यसन आणि मनोविकार हे आजार आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेलेच इतरांना हात देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. १४४१६ या शासनाच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

प्रार्थना तर आपण करूच. पण दवाखान्यात सोबत जाऊ, रुग्णाच्या वतीने बोलू, घरी परतल्यावर त्याला कामावर आणि मिस्सेला बोलावू.

स्वतःला विचारू या : या आठवड्यात आपण कोणाची खाट उचलणार?