भिजलेला रॅक झाकू नका

तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातून सध्या एकच फोन येतोय : "साहेब, रात्री पाऊस झाला, रॅकवरचा बेदाण्याचा माल भिजलाय, गंधक किती जाळू?" माल कितव्या दिवसाचा आहे ते कुणी सांगत नाही. मला आधी तेच ऐकायचं असतं.

कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणातून द्राक्षांचा घड काढला की सालीवरच्या मेणात बारीक वाटा पडतात. त्या वाटांनी पाणी बाहेर जातं, म्हणून पंधरवड्यात बेदाणा होतो. पावसाचं पाणी त्याच वाटांनी आत शिरतं. मणी फुगून तडकतो आणि सालीवर आधीपासूनच असलेल्या यीस्टला आयता रस मिळतो. पुढचा हिशेब ठरलेला आहे : १८० ग्रॅम साखर पुरती आंबली तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तुम्ही वजनावर विकणार ती निम्मी साखर वायू होऊन शेडबाहेर गेली! उरल्या अल्कोहोलावर चिलटं येतात. त्यांच्या अंगावरचे जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या जोरावर त्याचं व्हिनेगर करतात. नाकाला झोंबतो तो हा वास.

खरा धोका पहिल्या पाच-सहा दिवसांतल्या हिरव्या मालाला. दहा दिवस झालेल्या मण्यात साखर इतकी दाटलेली असते की यीस्टला पाणीच पुरत नाही. तो नुसता वरून भिजला असेल आणि लगेच वारा मिळाला तर सावरतो.

पण आपल्याकडे ढग दिसला की ताडपत्री. पाऊस पडताना बाजूने लावा, ना नाही; थांबल्यावर तासभरही ठेवू नका. सावळजकडच्या एका शेडमध्ये चार दिवसांचा माल दोन रात्री चहूबाजूंनी बांधून ठेवला होता. मी पोचलो तेव्हा ताडीच्या गुत्त्यासारखा वास. खालच्या जाळ्यांतून चिकट रस ठिबकत होता. मालक म्हणाले, आता दुप्पट गंधक लावतो. लावलाही. रंग सोन्यासारखा आला, पण व्यापाऱ्याने पेटी उघडून एक मणी तोंडात टाकला आणि पेटी तशीच परत सरकवली. गंधकाने रंग उजळतो. आंबलेला मणी गोड होत नाही. चिलटांवर कीटकनाशक मारणाऱ्यांना तर मी काय बोलू? खायचा माल आहे तो.

पाऊस थांबताच पडदे उघडा, जाळ्या हलवून पाणी झाडा, ब्लोअर किंवा पंखे लावा. वरच्या जाळीपासून खाली येत तडकलेले मणी वेचा. ते शेडमागे ढीग करून टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा. चिलटं तिथूनच परत येतात. आणि अंदाज पावसाचा असेल तर तोड दोन दिवस थांबवा. वेलीवरच्या मण्याचं मेण अजून शाबूत आहे.