कन्सोलवरची नोंद आणि यंत्रावरची स्थिती



दूरस्थ उपकरण-व्यवस्थापनाच्या, म्हणजे निरनिराळ्या ग्राहकांच्या शेकडो संगणकांची देखभाल एका जागी बसून करण्याच्या कामाला जो नव्याने लागतो, त्याच्यापुढे ‘अँटिव्हायरस सिंक होत नाही’ ही तक्रार अगदी लवकर येते आणि पुढे वारंवार येत राहते. तिची रूपे दोन आहेत. संगणकावर अँटिव्हायरस चालू आणि अद्ययावत असूनही कन्सोलवर, म्हणजे सगळ्या संगणकांची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर, तो बंद दिसतो, हे एक. आणि संगणकावर तो बंद पडलेला असताना कन्सोलवर मात्र हिरवी खूण झळकते, हे दुसरे. पहिल्या प्रकारात धोक्याची सूचना स्वतःहून येते, म्हणून कोणी ना कोणी त्याकडे पाहतोच. दुसऱ्या प्रकाराबद्दल तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, येत नाही, कारण सगळे ठीक दिसत असते. आणि म्हणूनच अधिक काळजी दुसऱ्याची करावी.

कन्सोलवर दिसते ती संगणकाची स्थिती नसते, तर कोणे एके वेळी केलेली तिची नोंद असते. सातबाऱ्यावर ऊस लिहिला म्हणजे शेतात ऊस उभा असेलच असे नाही. ही नोंद तयार होते ती अशी: संगणकावर बसवलेला एजंट नावाचा छोटा प्रोग्राम विंडोजला विचारतो, विंडोजचे सिक्युरिटी सेंटर डब्ल्यूएमआय या माहिती पुरवणाऱ्या व्यवस्थेमार्फत उत्तर देते, एजंट ते उत्तर सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर ते साठवून पडद्यावर दाखवतो. या साखळीची कोणतीही कडी निसटू शकते, परंतु घाईत असलेला तंत्रज्ञ शेवटच्या कडीपासून सुरुवात करतो, कन्सोल पुन्हापुन्हा रिफ्रेश करतो आणि शेवटी एजंट काढून नव्याने बसवतो. त्याने कधी काम होते, पण बिघाडाचा मागही पुसला जातो. तपास नेहमी यंत्राच्या टोकाकडून करावा.

यंत्रावर प्रथम पाहावे ते सिक्युरिटी सेंटरमध्ये नेमके कोण नोंदलेले आहे हे. जुना अँटिव्हायरस काढून टाकल्यावरही त्याचे नाव तिथे कधी कधी मागे राहते, मग एजंटला दोन उत्पादने दिसतात आणि तो भलत्याचीच स्थिती कळवतो. प्रत्येक नोंदीबरोबर एक अंक असतो, ज्यात स्थिती गुंडाळून ठेवलेली असते. विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या बाबतीत तो बहुधा ३९७५६८ असा दिसतो. षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पायावर, तो ६११०० होतो, त्यातले मधले ११ संरक्षण चालू असल्याचे आणि शेवटचे ०० व्याख्या ताज्या असल्याचे दाखवतात. (व्याख्या म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी.) हाच अंक ३९७५८४ झाला तर शेवटी १० येतात, म्हणजे संरक्षण चालू पण व्याख्या शिळ्या. हा अंक एकदा स्वतः उलगडून पाहिला, की एजंट चुकीचे वाचतो आहे की मुळातच चुकीचे सांगितले जात आहे, हा प्रश्न काही क्षणांत सुटतो. डब्ल्यूएमआय उत्तरच देत नसेल तर तिचा साठा सुसंगत आहे का, हे तपासणारी आज्ञा विंडोजमध्येच आहे. मात्र साठा सरसकट नव्याने उभारणे हा शेवटचा उपाय मानावा, कारण इतर प्रोग्रामांच्या नोंदीही त्यात जातात.

विंडोज सर्व्हरवर हे सिक्युरिटी सेंटरच नसते. त्यामुळे ज्या तपासणीने सगळ्या लॅपटॉपची माहिती नीट मिळते, तीच सर्व्हरवर रिकामी परत येते आणि नवखा माणूस ते सिंकचे दुखणे समजतो. तिथे डिफेंडरला पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या साधनातून थेट विचारावे लागते. शिवाय डेस्कटॉप विंडोजवर दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, सर्व्हरवर तसा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एकाच डिस्कच्या प्रतीवरून तयार केलेल्या संगणकांचे दुखणे वेगळेच असते: प्रत काढण्यापूर्वी एजंट बसवला असेल तर सगळ्यांना एकच ओळख मिळते, सगळे एकाच नोंदीवर लिहीत राहतात आणि स्थिती सकाळी हिरवी, दुपारी लाल अशी बदलत राहते.

वेळेकडे तर अवश्य पाहावे. संगणकाचे घड्याळ फार चुकले असेल तर सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते आणि एजंटचा संपर्कच तुटतो. अनेक कन्सोल वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकांचे काम करणाऱ्याने शेवटच्या संपर्काची वेळ कोणत्या घड्याळाची, हे आधी ठरवून घ्यावे. शेवटचा संपर्क आणि अँटिव्हायरसची शेवटची तपासणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, कारण एजंट दर काही मिनिटांनी हजेरी लावत असतानाही त्याची अँटिव्हायरस-तपासणी कित्येक दिवस अडकलेली असू शकते. तपासणी जुनी झाली की त्या यंत्राची स्थिती ‘चांगली’ न मानता ‘अज्ञात’ मानावी, आणि कन्सोलमध्ये तसा नियम करता येत असेल तर तो आजच करावा.

आता सगळ्यांत कळकळीने सांगावयाचे ते. अँटिव्हायरस आणि एजंट एकमेकांना अडवू लागले की एजंटचा सगळा फोल्डर तपासणीतून वगळावा, म्हणजे त्याला एक्सक्लूजन द्यावे, असा सल्ला सहज मिळतो. २ जुलै २०२१ रोजी कसेया कंपनीच्या व्हीएसए या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरमधील दोषाचा फायदा घेऊन रेव्हिल टोळीने खंडणीचा व्हायरस पसरवला, तो एजंटच्या अशाच वगळलेल्या फोल्डरात उतरला. डिफेंडरचे तत्क्षणी चालणारे (रिअल-टाइम) संरक्षण आज्ञा देऊन बंद केले गेले आणि डिफेंडरचीच एक जुनी, अस्सल फाइल पुढे करून तिच्या आडून घातक फाइल चालवली गेली. कंपनीच्याच अंदाजाने ८०० ते १५०० व्यवसायांना याची झळ पोचली, आणि स्वीडनमध्ये कूप या दुकानसाखळीची गल्ल्यावरची यंत्रे ठप्प होऊन बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली. ज्या हाताने शेकडो संगणक सांभाळले जातात तोच हात चोराच्या ताब्यात गेला, आणि त्याच्यासाठी दार आधीच उघडे होते. म्हणून एक्सक्लूजन द्यावेच लागले तर ते नेमक्या, स्वाक्षरी तपासलेल्या प्रोग्रामपुरते द्यावे, कारण व तारीख लिहून ठेवावी, आणि बिघाड सुटल्यावर ते आवर्जून काढावे. तिकीट लवकर बंद करण्यासाठी दिलेली सवलत कित्येकदा वर्षानुवर्षे तशीच राहते, ही या व्यवसायातली अत्यंत घातक सवय आहे.

दुरुस्ती झाली असे वाटल्यावर हिरव्या खुणेवर विसंबू नये. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल याच कामासाठी आहे. ग्राहकाला आधी कळवून ती त्या यंत्रावर ठेवावी. डिफेंडरने ती पकडली तर त्याच्या इव्हेंट लॉगमध्ये १११६ क्रमांकाची नोंद उमटते. नोंद उमटली पण कन्सोलवर काहीच आले नाही, तर दोष वाटेत आहे. नोंदच उमटली नाही, तर सिंकचा प्रश्न बाजूला ठेवून आधी संरक्षण सुरू करावे. दोन्हीकडे उमटली, तर मध्ये किती वेळ गेला तो तिकिटात लिहावा आणि मगच ते बंद करावे.